सूर ओळखीचा, माणूस अनोळखी

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठीच्या तासालासुद्धा मी मनातल्या मनात इंग्रजीतच विचार करायचे. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख दे असं मला सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती, माझीही आणि आईचीही! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि वाचा.

तर झालं असं. मागच्या वर्षी आम्ही सहा जण एका कॉलेजच्या फेस्टला गेलो होतो. (नाव घेत नाही, उगाच भांडण नको.) तिथे छोट्या मालिकांची स्पर्धा होती. आमची मालिका निगडीहून चाकणला बसने जाणाऱ्या माणसांवर होती. फर्स्ट शिफ्टचे कामगार, डबेवाल्या मावशी, आमच्यासारखी इंटर्नशिपवाली पोरं. तिचं सुरुवातीचं म्युझिक मी केलं होतं. वीस सेकंदांचं. त्यासाठी तीन रात्री जागले, एम-थ्रीचं सबमिशन बुडवलं. आणि गंमत म्हणजे सर्वोत्कृष्ट थीम म्युझिकचं बक्षीस आम्हालाच मिळालं! पण स्टेजवर नाव पुकारलं गेलं ते फक्त आमच्या डिरेक्टरचं. सर्टिफिकेटवरही त्याचंच नाव. आयोजकांकडे गेले तर म्हणाले की फॉर्मवर एकच नाव होतं, आता काही होणार नाही.

मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग रागाच्या भरात नेटवर शोधत बसले की जगात अशा म्युझिकला बक्षिसं कशी देतात. अमेरिकेत टीव्हीसाठीचे एमी पुरस्कार असतात, त्यात मालिकेच्या सुरुवातीच्या संगीताचा चक्क वेगळा विभाग आहे. २०१७ साली तो स्ट्रेंजर थिंग्जच्या संगीताला मिळाला, २०१९ साली सक्सेशनच्या निकोलस ब्रिटेलला. आपल्याकडेही मराठी चॅनेल्सच्या सोहळ्यांत शीर्षकगीताला बक्षीस असतं. आणि दूरदर्शनवर १९८८ साली दाखवलेल्या 'तमस'साठी तर मुंबईच्या वनराज भाटियांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कारच मिळाला होता. म्हणजे काय, सगळीकडे करणाऱ्याचं नाव घेतात, फक्त माझंच घेतलं नाही!

ही तक्रार घेऊन मी आजोबांकडे गेले. आजोबा प्राधिकरणात राहतात. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला. रोज पहाटे रेडिओ सुरू होताना जी धून लागायची, जिच्यावर त्यांनी इतकी वर्षं फर्स्ट शिफ्टसाठी उठून चहा टाकला, ती कोणी केली माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं! ती धून मात्र मला पाठ होती. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की अर्धवट झोपेत ती ऐकू यायची. खाली तंबोऱ्याचा घुमणारा आवाज आणि त्यावर व्हायोलिन, जरासं उदास, जरासं उजाडल्यासारखं. मला नेहमी वाटायचं की असलं काही तरी कुठल्या तरी पंडितजींनी केलं असणार.

शोधलं आणि खुर्चीतून पडायचीच बाकी राहिले. आकाशवाणीची ही ओळखधून करणाऱ्या माणसाचं नाव आहे वॉल्टर काउफमान. हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेला एक ज्यू संगीतकार!

(मी चाकणमधल्या जर्मन कंपन्यांच्या आशेने सध्या जर्मनचे क्लास करते आहे. त्या अर्धवट ज्ञानावर सांगते की काउफमान म्हणजे व्यापारी. आपल्याकडे शेट्ये किंवा वाणी आडनाव असतं तसं. पण या माणसाला व्यापार कधी जमला असेल असं वाटत नाही.)

काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, कार्ल्सबाडचा. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आता ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. घरात बोलायची भाषा जर्मन. संगीत शिकायला ते बर्लिनला गेले. तिथे फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे कॉम्पोझिशन शिकले आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र. झाक्स म्हणजे जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण करणारा मोठा माणूस. युरोपाबाहेरही संगीत आहे हे काउफमानना तिथेच पहिल्यांदा कळलं असणार. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध तयार केला, विषय होता संगीतकार माहलर. पण आपले एक प्राध्यापक नाझींचे समर्थक आहेत हे कळल्यावर त्यांनी ती पदवी घेतलीच नाही.

इथे मी थोडी थांबले. एका सर्टिफिकेटसाठी मी दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नव्हतं. आणि या माणसाने तयार प्रबंधावर पाणी सोडलं.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू संगीतकारांना जर्मनीत काम मिळणं संपलं. काउफमान १९३४ साली मुंबईला आले. मुंबईच का? एक तर इथला व्हिसा त्यांना सहज मिळत होता. दुसरं म्हणजे चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी यांची आणि त्यांची जर्मनीतली ओळख होती. आणि तिसरं कारण मला सगळ्यात जास्त आवडलं. त्यांनी भारतीय संगीताच्या काही रेकॉर्ड्स ऐकल्या होत्या आणि त्यांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं. परकं आणि अगम्य वाटलं. पण त्यांनी विचार केला की हे संगीत माणसांनीच, मन आणि बुद्धी असलेल्या माणसांनीच केलेलं आहे, लाखो लोक त्यावर प्रेम करतात, म्हणजे चूक संगीताची नसून आपल्या कानांची असणार. तेव्हा ते जिथे तयार होतं तिथे जाऊनच शिकलं पाहिजे. जवळ परतीचं तिकीट ठेवून ते आले आणि बारा वर्षं राहिले!

मित्रांनो, मी इथे जन्मले, माझे आजोबा सवाईला रात्र रात्र बसलेले. तरी शास्त्रीय संगीत लागलं की मी हेडफोन लावायचे आणि म्हणायचे, बोअर आहे. चूक आपल्या कानांची असेल असा संशयसुद्धा मला कधी आला नाही.

मुंबईत आल्यावर काउफमान काही महिन्यांतच कामाला लागले. १९३४ सालीच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. स्वतः पियानोवर, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा. दर आठवड्याला विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. सुरुवातीला श्रोते बोटांवर मोजण्याइतके, पण त्यांनी खंड पडू दिला नाही आणि पहिल्या तीन वर्षांतच शंभराहून जास्त कार्यक्रम झाले. मेहली मेहता म्हणजे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील. झुबिन यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे घरात हे संगीत चालू असतानाच ते रांगत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याच १९३६ साली, ८ जूनला, इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. नव्या रेडिओला ओळख हवी होती. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर त्याचं स्पेसिफिकेशन काही सोपं नव्हतं बरं का! तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे, चालू केल्यावर तापायलाच वेळ लागायचा. मग काटा फिरवत स्टेशन शोधायचं. तोपर्यंत काही तरी वाजत राहिलं पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की आपण योग्य जागी पोचलो. ती धून पुन्हा पुन्हा वाजणार, म्हणून तिचा कंटाळा येता कामा नये. मधूनच कानावर पडली तरी ओळखू आली पाहिजे. खरखरीतूनही ऐकू आली पाहिजे. आणि पेशावरपासून मद्रासपर्यंत सगळ्यांना ती आपली वाटली पाहिजे, म्हणजे शब्द नकोत.

ही धून शिवरंजनी रागात आहे असं म्हणतात. मला राग कळत नाहीत, म्हणून आमच्या सोसायटीतल्या गाण्याच्या बाईंकडे गेले. त्यांनी पेटीवर दाखवलं. भूप राग घ्या, सा रे ग प ध, पाच स्वर. त्यातला फक्त गंधार कोमल करा, की झाला शिवरंजनी. एकच स्वर अर्ध्या पायरीने खाली येतो आणि अख्ख्या खोलीचा उजेड बदलतो! व्हायोलिन हे वाद्य युरोपचं, तंबोरा आपला, राग आपला. दोन वर्षांपूर्वी ज्याला हे संगीत अगम्य वाटत होतं त्याने ते इतकं पचवलं की माझे आजोबा ती धून एखाद्या पंडितजींची समजून चाळीस वर्षं ऐकत राहिले. व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवलं असं सांगतात.

प्रामाणिकपणे सांगायला हवं की या धुनेच्या श्रेयावरून वाद झालेले आहेत. रेडिओवरच्याच जॉन फोल्ड्स, ठाकूर बलवंत सिंग अशा इतरांची नावंही कधी कधी घेतली गेली. पण बहुतेक अभ्यासक काउफमान यांचंच नाव देतात. हा वाद होऊ शकला हीच खरी गोष्ट आहे. करोडो लोकांनी रोज ऐकलेल्या सुरांखाली कोणाची सही नव्हती. रेडिओला तर श्रेयनामावली दाखवायला पडदाही नसतो.

१९३७ पासून काउफमान ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघायला लागले. १९३८ साली त्यांनी 'अनसूया' नावाचा ऑपेरा खास रेडिओसाठी लिहिला. भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं, युद्धाच्या काळात सरकारी माहितीपटांनाही दिलं. ते वॉर्डन रोडजवळ, महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला राहायचे. म्हणजे एका बाजूला देवळातली घंटा, दुसरीकडे समुद्र, आणि मध्ये पियानोवर बसलेला हा माणूस. मला हे चित्र फार आवडतं.

पण या चित्राची दुसरी बाजूही आहे. त्यांची पत्नी गर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची सख्खी भाची, बहिणीची मुलगी. काफ्का स्वतः १९२४ सालीच गेले होते. पण त्यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या काळात मारल्या गेल्या, त्यात गर्टीची आईही होती. आपण मुंबईत सुखरूप आहोत, समुद्राचा वारा येतो आहे, आणि जिथून आलो तिथलं घर आता राहिलेलं नाही. ही गोष्ट त्या घरात कशी सोसली असेल याची मला कल्पनाही करता येत नाही. शिवरंजनी करुण राग मानला जातो. ती धून मात्र युद्धाच्या आधीची, १९३६ ची आहे, त्यामुळे या दुःखाशी तिचा संबंध जोडणं चुकीचं ठरेल. तरीही आता ऐकताना मला तो जोडावासा वाटतोच.

१९४६ साली काउफमान यांनी मुंबई सोडली. काही काळ लंडन, तिथे बीबीसीसाठी काम. १९४७ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्स. मग विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्रा नव्याने सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले कंडक्टर म्हणून १९४८ पासून सुमारे दहा वर्षं. हिवाळ्यात उणे तीस तापमान असणाऱ्या त्या शहरात महालक्ष्मीचा समुद्र त्यांना आठवत असेल का? आठवत असणारच. कारण पुढे अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात ते प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. १९६८ साली उत्तर भारतातल्या रागांवर, १९७६ साली दक्षिण भारतातल्या रागांवर. परतीचं तिकीट घेऊन शिकायला आलेला विद्यार्थी शेवटी हाच विषय दुसऱ्यांना शिकवत होता. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनमध्येच, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्या दिवशीही सकाळी भारतभर ती धून वाजली असणार. त्यांनी ऑपेरा, सिंफनी, बॅले, किती तरी लिहिलं, पण त्यांच्या हयातीत त्यातलं फारसं गाजलं नाही. २०२० साली टोरांटोच्या एआरसी आंसांब्लने त्यांच्या काही रचनांची सीडी काढली, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने त्यांना नीट ऐकलं. मुंबईत लिहिलेल्या सुरावटी ऐकायला जगाला ऐंशीएक वर्षं लागली! आणि जी गोष्ट सगळ्यात जास्त ऐकली गेली, बहुधा जगातल्या सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या धुनांपैकी एक, तिच्यासाठी बक्षीस वगैरे कशाचाच प्रश्न नव्हता. २०२३ मध्ये सरकारने ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नाव वापरणं बंद करून फक्त आकाशवाणी ठेवलं. ज्या नावासाठी ती धून केली ते नाव गेलं, धून राहिली.

हे सगळं मी आजोबांना जाऊन सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, बघ, त्यांना काही मिळालं नाही तरी ते रडले का? पण आजोबा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं की व्हायोलिनवाला कळला, धून करणारा कळला, पण मागे तंबोरा कोण धरत होतं?

मी शोधलं. बरंच शोधलं. पण ते नाव मला कुठेच सापडलं नाही.

आणि मग रात्री झोपताना मला धस्स झालं. आमच्या त्या वीस सेकंदांच्या थीममध्ये कीबोर्ड माझा आहे, पण खाली पखवाज आहे. तो पखवाज वाजवला होता एफ.ई.च्या एका मुलाने. तो चाकणजवळच्या गावातला आहे, त्यांच्या भजनी मंडळात वाजवतो, दर वर्षी वारीत जातो. होस्टेलच्या खोलीत गादी दाराला लावून आम्ही मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग केलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं ते त्या ठेक्याचंच. बस खड्ड्यांतून जाते तसा तो ठेका आहे, आणि ती कल्पनाही त्याचीच होती! मी माझ्या नावासाठी आयोजकांशी भांडले, डिरेक्टरशी अबोला धरला, आजोबांपुढे रडले. या सगळ्यात एकदाही त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. फॉर्मवर माझं नाव नव्हतं ही आयोजकांची चूक होती. पण मी बनवलेल्या फाइलच्या नावात, यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये, सगळीकडे फक्त मीच होते. ती चूक कोणाची?

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याला गाठलं आणि सॉरी म्हटलं. तो गोंधळला. म्हणाला, ताई, त्यात काय एवढं, भजनात कुठे नाव लावतात. त्याच्या या उत्तराने मला बरं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. कारण भजनात कोणाचंच नाव लावत नाहीत. आम्ही मात्र एकाचं लावलं होतं.

यूट्यूबचं डिस्क्रिप्शन मी त्याच संध्याकाळी बदललं. सर्टिफिकेट काही बदललं नाही, ते डिरेक्टरच्या घरी भिंतीवर आहे. असू दे. यंदाच्या गॅदरिंगला मात्र श्रेयनामावली टाइप करायचं काम मी मागून घेतलं आहे. कोणी लाइट धरला, कोणी गादी दाराला लावली, सगळ्यांची नावं माझ्याकडे लिहून आणून द्या. स्पेलिंग तपासून द्या, आणि बुधवारच्या आत द्या!

आणि हो, आजोबांनी जुना रेडिओ माळ्यावरून काढला आहे. दुरुस्तीला माझ्याकडेच दिलाय. मेकॅनिकलची असले म्हणून काय झालं, इलेक्ट्रॉनिक्सवाले मित्र आहेतच की!

– टी. ई. (मेकॅनिकल)